धक्का निघाला कुठून?

कोणत्याही चित्राला बोट लावा, भोपळू पाणीच आणायचा.

भोपळू म्हणजे सुरभीच्या घरचा यंत्रमानव, नावासारखाच गोल आणि जरा हट्टी. पक्षाघाताने आजोबांची वाचा गेली, तेव्हापासून तो त्यांच्या दिमतीला होता. सुरभीने आजोबांसाठी टॅबवर एक पाटी तयार केली होती. तिच्यावर पाणी, पेज, औषध, पंखा, रेडिओ अशी चित्रं. आजोबांनी बोट लावायचं, भोपळूने कामाला लागायचं. पण सकाळपासून आजोबा रेडिओ मागत होते आणि उशाशी पाण्याचे पेले साचत होते. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आजोबा भूकंपशास्त्रज्ञ. बोलायला लागले की त्यांना थांबवावं लागायचं, आणि आता त्यांना साधा रेडिओ मागता येत नव्हता.

"भोपळू, तुला कळत नाही का रे?"

"सुरभीताई, मला दर वेळी एकच निरोप येतो, 'पाटीला बोट लागलं.' आता पाटी कशी आणून देऊ? म्हणून आपलं पाणी. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही."

सुरभीने जावास्क्रिप्टच्या (वेब पानाला वागायला शिकवणारी भाषा) ओळी उघडल्या. प्रत्येक चित्राला वेगळा लिसनर (क्लिककडे कान देऊन बसलेला पहारेकरी) लावायचा कंटाळा, म्हणून तिने अख्ख्या पाटीला मिळून एकच लावला होता.

"पण चित्राला लावलेलं बोट पाटीला कळतं कसं?"

"चित्र पाटीच्या पोटात आहे ना," भोपळू म्हणाला. "क्लिक चित्रावर होतो आणि बुडबुड्यासारखा वर चढतो. चित्रातून पाटीत, पाटीतून पानात. तुम्ही पहारेकऱ्याला विचारलंत, 'तू बसलायस कुठे?' तो बिचारा खरं तेच सांगतो."

सुरभी थबकली. लहानपणी जमीन हादरली की ती विचारायची, "आजोबा, भूकंप आपल्या घरात झाला?" त्यावर ते म्हणायचे, "हादरा सगळ्यांनाच बसतो गं. जाणवला कुठे ते सोड. निघाला कुठून, ते विचार."

प्रत्येक क्लिकबरोबर इव्हेंट (काय घडलं याची सगळी माहिती) येतो. त्यात करंट टार्गेट म्हणजे पहारेकरी बसला आहे तो घटक, आणि टार्गेट म्हणजे क्लिक मुळात निघाला तो घटक, भूकंपाच्या केंद्रबिंदूसारखा. सुरभीने भलतंच विचारलं होतं. तिने करंट टार्गेटच्या जागी टार्गेट लिहिलं आणि पाटी आजोबांपुढे धरली.

रेडिओ लागला. आजोबांनी डोळे मिटून घेतले, आणि सुरभीला वाटलं, जिंकलो.

इतक्यात आई पेज घेऊन आली. आजोबांनी पाटीच्या मोकळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"निरोप आला, 'पाटी'," भोपळू म्हणाला. "पुन्हा बिघडलं."

"हात थरथरला असेल," आईने चमचा पुढे केला. बोट पुन्हा त्याच मोकळ्या जागी गेलं. मग पुन्हा.

"थांब आई, काही बिघडलेलं नाही," सुरभी म्हणाली. "धक्का खरंच तिथूनच निघतोय. त्यांना जे म्हणायचंय, त्याचं चित्रच नाही इथे."

तिने पाटी नीट पाहिली. सगळी काहीतरी आणून द्यायची चित्रं. घरातल्या कुणालाच दुसरं काही सुचलं नव्हतं. तिने आडव्या धरलेल्या तळहाताचं चित्र काढून कोपऱ्याजवळ ठेवलं आणि त्याला नाव दिलं, 'नको'. नवा पहारेकरी लावावाच लागला नाही. नवं चित्रही त्याच पाटीच्या पोटात होतं.

आजोबांनी ते दाबलं. भोपळूने निमूटपणे पेजेची वाटी उचलली.

आईने चमचा खाली ठेवला. "इतके दिवस आम्ही भरवतच राहिलो, बाबा. विचारलंच नाही." तिचे डोळे भरून आले.

भोपळूला राहवलं नाही. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. आजोबांनी 'नको' दाबलं आणि अर्ध्या ओठांनी हसले.

उरलेला मोकळा कोपरा सुरभीने तसाच ठेवला. आजोबांना अजून काय काय म्हणायचं असेल, ते तिथूनच कळणार होतं.