आठव्या वैमानिकाचा चहा

हिल्डाबाईंनी तो वसा घेतला महायुद्धात, एकोणीसशे चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात. यॉर्कशरमधल्या त्यांच्या गावाला लागूनच कॅनडाच्या बॉम्बर विमानांचा तळ होता. तिथल्या लोर्न नावाच्या वैमानिकाच्या विमानातली, तो धरून सातही पोरं त्यांना मावशी म्हणायची. विमान उडालं की टेबलावर सात कप मांडायचे, आणि पोरं सुखरूप उतरेपर्यंत आपण चहाचा घोट घ्यायचा नाही. रेशनची आपली साखरही त्यांनाच. गुडघे टेकून देवाला दिलेला शब्द होता तो.

त्या दुपारी चार वाजले. बाकीची विमानं केव्हाच उतरली होती. लोर्नचं नव्हतं. बाहेर लख्ख ऊन, पण स्वयंपाकघरात एकाएकी गारठा शिरला... जळक्या रबराचा वास आला.

दारात एक अनोळखी वैमानिक उभा होता. कोवळा चेहरा, निळे ओठ.

"मावशी, आणखी एक कप मांडता? आज आम्ही आठ आहोत."

"आधी सांगायला काय झालं रे? आणि माझे सात कुठायत?"

"येताहेत... एक इंजिन बंद पडलंय, म्हणून सावकाश. काळजी नको."

हिल्डाबाईंचा जीव भांड्यात पडला. "बस बाबा. साखर किती?"

"दोन चमचे... चालेल?"

"तीन घालते. तिकडे घरी उपाशी ठेवायचे की काय तुला?"

तो हसला. कप दोन्ही हातांत धरून बसला. दूध आणायला त्या वळल्या, आणि मागे पाहतात तो खुर्ची रिकामी.

तेवढ्यात आकाशात घरघर ऐकू आली.

तासाभरानं सातही जण आले.

"आठवा कप कुणाचा, मावशी?" लोर्ननं हळूच विचारलं.

"तुमच्याच पोराचा की! इंजिनाचं त्यानंच सांगितलं. गोड आहे हो."

लोर्ननं टोपी काढली. "नवा वैमानिक पहिल्या फेरीला आमच्यासारख्या जुन्यांबरोबर येतो. टारास नाव त्याचं. गोळा लागून इंजिन बंद पडलं, आणि पाठोपाठ तो... परत येताना समुद्रावरच त्यानं प्राण सोडला, मावशी. माझ्या शेजारी."

आठवा कप रिकामा होता. चुलीच्या दांडीवर कातडी हातमोजा वाळत घातलेला, त्यावर पांढरं हिम. चूल रसरसत होती. हिल्डाबाई निजायला गेल्या तरी ते वितळलं नव्हतं.

त्या घाबरल्या नाहीत. त्या दिवसापासून आठ कप मांडू लागल्या.

बायांनो, तुमचंही कुणी दूर गेलं असेल, तर एक कप जास्तीचा मांडत जा. आणि साखर घालताना हात आखडू नका.