पेटीतली तिसरी कळ

पहारीने दार उचकटलं तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते. उणे वीस अंशांच्या गोठणखोलीत स्टोअरकीपर दाराला टेकून बसला होता. श्वास चालू होता. धोक्याच्या घंटेचं लाल बटण दाबून दाबून तडकलं होतं. बाहेर घंटा मात्र कुणीच ऐकली नव्हती.

विद्युत निरीक्षक बाई दीडला पोचल्या. तोवर मॅनेजरने गुन्हेगार ठरवून टाकला होता: कारखान्याचा वायरमन, म्हणजे स्टोअरकीपरचा मेहुणा. परवाच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. निरीक्षकांचा शब्द मिळाला की त्याला न्यायचं, म्हणून हवालदार दारातच उभा होता.

स्टोअरकीपरची बायको पॅकिंगमध्ये कामाला. ती तिथून हलेना.

"दादानं हे केलंय की नाही, ते कळल्याशिवाय मी दवाखान्यात कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तू तरी असं बोलू नकोस गं," वायरमन म्हणाला.

बाईंनी दाराचा खटका पाहिला. बर्फाने जाम. चौकटीवर बोटभर बर्फ.

"चौकटीत हीटर असतो ना?"

"असतो," वायरमन म्हणाला. "दार गोठू नये म्हणून."

बायको मध्येच बोलली. "दहाला आत जाताना दोन हातांनी ओढलं त्यांनी. म्हणाले, आज दार रुसलंय."

बाईंनी विजेच्या पेटीचं कुलूप काढायला लावलं. आठ कळा. सात वर. तिसरी, 'दार हीटर' लिहिलेली, पार खाली.

"किल्ली कुणाकडे?"

"काल दुपारी एकला साहेबांकडे जमा केली," वायरमन म्हणाला. "आज बोलावलं ते थेट पहार मारायला."

"तेव्हापासून माझ्याच खिशात आहे," मॅनेजर म्हणाला. "पेटीला कुणाचा हातच लागला नाही. कळ आपोआप पडली. याची जोडणीच कच्ची. म्हणजे मुद्दाम कच्ची!"

बाईंनी भिंतीवरच्या यंत्रातली गोल कागदी चकती काढली. खोलीचं आठवड्याचं तापमान तिच्यावर शाईने उमटलेलं. रोज चार-पाचदा रेघ उसळलेली. काल संध्याकाळी सहापासून मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ.

"रोज काय व्हायचं?"

"हीटरमध्ये पाणी शिरलंय," वायरमन म्हणाला. "वीज झिरपते, मुख्य ब्रेकर पडतो, कॉम्प्रेसर बंद. नवा हीटर मागून महिना झाला."

"आज काही विशेष?"

"गिऱ्हाईक माल बघायला येणार होतं," बायको म्हणाली.

बाईंनी चौथ्या कळेखालचं चाचणीचं बटण पेनने दाबलं. खट्! कळ पडली आणि अर्ध्यावरच थांबली.

"बिघाडाने पडलेली कळ इथे थांबते. पार खाली नेतो तो हात. दार दहालाच चिकटत होतं, म्हणजे हीटर त्याआधीच बंद होता. चकती सांगते, काल सहापासून. पेटीला कुलूप होतं. किल्ली कुणाच्या खिशात होती, ते तुम्हीच सांगितलंत."

मॅनेजरने खिशातली किल्ली काढून पुढे धरली. "माल वाचवायचा होता हो. नुसता हीटर तर बंद केला! घंटा त्याच तारेवर आहे, हे मला काय ठाऊक?"

"आणि कळल्यावर याच्यावर ढकललंत?"

हवालदार दोन पावलं सरकून मॅनेजरच्या शेजारी उभा राहिला.

बाई वायरमनकडे वळल्या. "घंटा त्या तारेवर कुणी टाकली?"

"मी. वेगळी तार आणि बॅटरी मागितली होती, मिळाली नाही. म्हणून तात्पुरती."

"किती दिवस तात्पुरती?"

"चौदा महिने."

"पेटीवर लिहिलं का नाही?"

त्याने मान खाली घातली. "तात्पुरतं कोण लिहितं?"

"हे माझ्या अहवालात येणार."

"येऊ द्या, मॅडम."

बाईंनी तिसरी कळ वर केली आणि आत जाऊन तडकलेलं बटण दाबलं. घंटा कानठळ्या बसवत वाजू लागली. वायरमन ती बंद करायला पुढे झाला.

"वाजू दे, दादा," बहीण म्हणाली. "पावणेदोन तास ते हीच ऐकायला बसले होते."