आपलंच माणूस, विचारायला नको

जुन्या संगणकांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात एका खोक्यावर दोन हात एकदमच पडले — एक तिचा, एक त्याचा.

“एकच पीस आहे,” दुकानदारकाका वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले. “भांडा, नाहीतर वाटून घ्या.”

खोक्यात एक जुनं नेटवर्क कार्ड होतं. एरवी असलं कार्ड कुणी फुकटही नेत नाही. पण तिच्या प्रयोगशाळेतलं कालच जळालं होतं.

“तुम्हाला कशाला हवंय?” तिनं विचारलं.

“याचा ड्रायव्हर मी लिहिलाय,” तो कान खाजवत म्हणाला. “म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाषी. नोकरीतलं पहिलंवहिलं काम! आता कुणीतरी कंपनीला कळवलंय, की त्यात भोक आहे. साधा वापरकर्ता त्यातून शिरतो आणि अख्ख्या संगणकाचा मालक होऊन बसतो. बारा दिवसांत बुजवलं नाही, तर जाहीर करणार म्हणे. आणि पत्र काय कडक हो! सात मुद्दे, शेवटी साधं ‘कळावे’सुद्धा नाही.”

तिनं खोक्यावरचा हात काढून घेतला. ते पत्र तिचंच होतं; असली भोकं शोधणं हेच तिच्या प्रयोगशाळेचं काम.

सांगून टाकावं... पण बोलताना त्याच्या डोळ्यांच्या कडांना हसू साठत होतं, आणि—

“आमच्याकडे एक संगणक रिकामा आहे,” ती भलतंच बोलून गेली. “कार्ड दोघांत.”

मग रोज संध्याकाळी पाचला तो यायचा. दार ढकलायचा, शेजारच्या खुर्चीवरची तिची पिशवी खाली ठेवायचा आणि बसायचा. कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत सरकत त्याच्या मनगटाशी येऊन थांबायचं... आणि तिची नजरही.

चौथ्या दिवशी ती जागा सापडली. भोक तिला बाहेरून माहीत होतं, आतला कोड मात्र आत्ता दिसत होता. आलेला हुकूम नेमका कुणाचा, हे तिथं तपासायला हवं होतं. तपासणीऐवजी त्याची टीप होती : ‘आपलंच माणूस आहे, विचारायला नको.’

ती खळखळून हसली. “हे काय हो?”

“आमच्या घरचं वळण! मावशी स्वयंपाकघरातून हाक मारते, तेव्हा कळतं ती आलीये.”

“मावशीचं ठीक आहे. पण मावशीचा आवाज काढून कुणीही शिरेल ना! थांब, ते पुसू नकोस—”

तिनं जीभ चावली. तो मात्र एकदम खुशीत.

“बघा! ‘अहो’वरून थेट ‘अरे’वर. ना तपासणी, ना परवानगी... साध्या वापरकर्त्या होतात, मालकीण झालात.”

“चुकून झालं.”

“हे भोक बुजवा असं कुणी म्हटलंय?” तो हळूच म्हणाला.

दिवा लुकलुकत राहिला. तिचे कान तापले — आणि मग आतून काहीतरी टोचलं. आपणही अशाच शिरलोय की. आपण कोण, हे न सांगता.

“ते पत्र... माझं आहे.”

“सात मुद्द्यांचं?”

“सात मुद्द्यांचं.”

“आणि मी चार दिवस तुमच्यासमोरच त्याच्या नकला करतोय.” त्याचं हसू मावळलं. “सांगायचं होतंत.” जाताना त्यानं तिची पिशवी उचलून पुन्हा खुर्चीवर ठेवली. फार जपून.

पुढे पाच वाजत राहिले. पिशवी जागची हलली नाही.

बाराव्या दिवशी दुपारी त्याची दुरुस्ती मेलने आली. सोबत एकच शब्द : ‘कळावे.’

तिनं ती बसवली, आपली जुनी युक्ती चालवून पाहिली. पडद्यावर अक्षरं उमटली — ‘परवानगी नाही.’ इतकी नेटकी दुरुस्ती पाहून एरवी तिनं टाळ्या वाजवल्या असत्या. आज डोळे भरून आले. तिनं ती जागा उघडली. टीप बदलली होती : ‘आपलंच माणूस असलं, तरी विचारावं.’

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

इतक्या दिवसांत त्यानं दार कधी वाजवलं नव्हतं. आता मात्र उंबऱ्याबाहेरच उभा होता.

“आत येऊ?” त्यानं विचारलं. मग कान खाजवत, “आणि... तू म्हणू?”

“थांब जरा,” ती म्हणाली. “तपासतेय.”

आणि खुर्चीवरची पिशवी तिनं उचलून खाली ठेवली.