शेखरमामाच्या खोलीतला बहिरा दिवा

दुपारी शहाण्यासारखा वागलेला दिवा संध्याकाळी एकदम बहिरा कसा झाला, या कोड्याने मला पार पिडलं.

शेखरमामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. अपघातानंतर तो चाकाच्या खुर्चीत आला आणि आमच्याकडे राहू लागला. त्याला स्वतःची वेगळी खोली हवी होती, पण भिंतीवरच्या बटणापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. आईची अट एकच होती. अंधारात दिवा लावता आला तर खुशाल राहा, नाहीतर आमच्याबरोबर हॉलमध्ये झोपायचं. म्हणून मी बोलून लागणारा स्मार्ट बल्ब बसवला. दुपारी "दिवा लाव" म्हटलं की लख्ख. संध्याकाळी मामाने घसा कोरडा केला, तरी ढिम्म.

"स्मार्ट म्हणे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," आई म्हणाली आणि मामाची गादी उचलून हॉलकडे निघाली.

मला रडूच यायला लागलं. मामाचाही चेहरा पडला होता, पण तो म्हणाला, "ओजू, पायरीपायरीने जाऊ. मी बोलतो ते कोण ऐकतं?"

"टेबलावरचा स्पीकर. तो हुकूम वायफायने (म्हणजे तारेशिवाय, रेडिओ लहरींवरून) बल्बकडे पाठवतो."

"बल्बमध्ये तो कोण पकडतं?"

"रिसीव्हर (लहरी पकडणारा चिमुकला भाग)."

"आणि रिसीव्हरला जागं कोण ठेवतं?"

"वीज," म्हणत मी मोबाईलचा उजेड भिंतीवर टाकला. बटण बंद होतं.

आता कळलं. स्मार्ट बल्ब विझलेला दिसला, तरी जराशी वीज घेत हुकमाची वाट बघत असतो. वीजच तोडली तर बिचारा ऐकणार कशाने?

"बटण कुणी बंद केलं?" मी विचारलं.

"मी," ढब्या, आमचा केर काढणारा लांब हातांचा यंत्रमानव, दारातून म्हणाला. "मी माणसांचं बघून शिकतो. या घरात खोलीबाहेर पडताना सगळेच बटण बंद करतात."

हे ऐकून आई गादीसकट खाली बसली आणि हसत सुटली. आमच्या घरचं वळण यंत्रालाही लागलं होतं. "या खोलीत बटण कायम चालू. दिवा बंद करायचा तो बोलून," मी ढब्याला बजावलं. बटण चालू करून वर चिकटपट्टी लावली, आमच्यासाठी.

मग दिवा विझवून मामाने आम्हां सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. आत काळोख. आईने माझा हात घट्ट धरला.

"दिवा लाव," आतून आवाज आला.

दाराच्या फटीखालून उजेड थेट आमच्या पावलांवर आला. मी तर नाचायलाच लागले. जिंकलो होतो आम्ही.

"मंद कर." उजेड मंदावला. "पूर्ण लाव." लख्ख. "ओजू, आता पंखा आणि पडदेही असेच करू," मामा आतूनच म्हणाला.

आईने आनंदाच्या भरात दार ढकललं.

"ताई," मामा म्हणाला, "माझी खोली आहे. आधी टकटक कर."

आईने डोळे पुसले, दार परत ओढून घेतलं आणि टकटक केली.