भिंतीकडची खाट

मास्तर विश्रांतीगृहात गेला तो केवळ तोंड धुवायला. दुपार होती, पण ढग इतके खाली आले होते की खोलीत दिवा लावावा लागला.

मास्तर हा शिक्षक नव्हे. लहान गावे जोडणाऱ्या एका विमान कंपनीत तो सहवैमानिक होता. वडील शाळामास्तर होते, आणि उड्डाणापूर्वीची तपासणीची यादी तो धडा वाचावा तशी स्वच्छ वाचत असे. म्हणून सोबत्यांनी त्याला हे नाव दिले. त्याच्या खांद्यावर तीन पट्ट्या होत्या. चौथी मिळाली की कॅप्टनची डावी खुर्ची, आणि मागोमाग मोठ्या कंपन्यांची दारे. त्या एका पट्टीसाठी त्याने उजव्या खुर्चीत तारुण्य घालवले होते. पुढच्या आठवड्यात त्याची परीक्षा होती.

विश्रांतीगृहात दोन खाटा होत्या. खिडकीकडच्या खाटेवर वैमानिक आळीपाळीने पडत. एकाची ऊब जायच्या आत दुसरा येई. भिंतीकडच्या खाटेवर कोणी पडत नसे.

तोंडावर पाणी मारताना त्याला आवाज ऐकू आला. करकर... मग शांतता. पुन्हा करकर. झोप न येणारा माणूस कूस बदलतो, तसा.

तो बाहेर आला. खोली रिकामी होती. भिंतीकडच्या खाटेवरची चादर चुरगळलेली होती, आणि तिला ओल्या लोकरीचा नि इंधनाचा वास येत होता.

रखवालदार दारात उभा होता. त्याने चादर ओढून सारखी केली.

“सकाळीच ताणून घातली होती,” तो म्हणाला. “थोरले पडतात येऊन. डोळा लागत नाही बिचाऱ्यांचा.”

थोरले म्हणजे कंपनीचे जुने कॅप्टन. मास्तर नोकरीला लागण्यापूर्वी एका ढगाळ दुपारी ते विमानासकट समोरच्या डोंगरावर आदळून गेले. त्या दुपारी विमान निर्दोष होते, हे सर्वांना ठाऊक होते. माणसे दमलेली होती, हेही ठाऊक होते. ते मात्र कोणी बोलत नसे.

कंपनीचा एक रिवाज होता. इंजिन सुरू करण्यापूर्वी दोघा वैमानिकांनी एकमेकांना विचारायचे, “विश्रांती झाली?” उत्तर यायचे, “झाली.” कोणी “नाही” म्हणालाच तर त्याला कोणी रागावत नसे. फक्त बढतीच्या रांगेत त्याचे नाव शेवटी जाई. म्हणून सर्वांची विश्रांती नेहमी झालेली असे. पहाटेच्या फेरीला बोलावून संध्याकाळची फेरी गळ्यात मारली तरी झालेली असे. खोटे बोलणाऱ्याची जीभ झडत नाही. झडत असती तर त्या कंपनीत सगळे मुकेच सापडले असते.

त्या दिवशी मास्तरबरोबर दादा होते. निवृत्तीला टेकलेले कॅप्टन, पापण्या कायम सुजलेल्या.

“विश्रांती झाली?” दादांनी विचारले.

“झाली. तुमची?”

“माझी तर जन्मतःच झाली आहे,” दादा म्हणाले, आणि इंजिन सुरू झाले.

जाताना काही घडले नाही. परतीच्या वाटेवर ढग दाट झाले. काचेबाहेर वर, खाली, पुढे एकच पांढरेपणा. इंजिनांची घरघर एका सुरात चालली होती, पाळण्यावरच्या हातासारखी. विमान स्वयंचालक यंत्राच्या हवाली होते. ‘पुढचे वळण आले की सांगेन’ असे मास्तर मनाशी म्हणाला. ते वळण डोंगराच्या अलीकडे होते...

मग कोणीतरी त्याच्या मानेजवळ वाकले. ओल्या लोकरीचा वास आला.

“विश्रांती झाली?”

आवाज हळू होता. दटावणीचा नव्हता, फार थकलेला होता.

मास्तरने डोळे उघडले. दादांची हनुवटी छातीला टेकलेली होती. वळण मागे पडले होते. इशाऱ्याची घंटा अजून वाजली नव्हती. समोर ढग फाटला, आणि त्या फटीतून काळा, ओला, झुडपांनी भरलेला डोंगर दिसला. इतका जवळ की झुडपे वाऱ्याने हलताना दिसली.

त्याने विमान वळवून वर ओढले. मागे कोणाचे तरी मूल रडू लागले. दादा जागे झाले, त्यांनी काट्यांकडे पाहिले, मग मास्तरकडे.

मागची तिसरी खुर्ची परीक्षकासाठी असते. ती दुमडून भिंतीला लावलेली होती. तिचा पट्टा मात्र हळूहळू झुलत होता.

विमान उतरल्यावर एक म्हातारी दाराशी थांबली. तिने मास्तरच्या गालावरून हात फिरवला. “सुखरूप आणलंस रे लेकरा. देव तुझं भलं करो.” त्याला तिच्याकडे बघवेना.

प्रवासी गेल्यावर दादा पंखाखाली त्याच्याजवळ आले.

“विचारलं ना त्यांनी?”

“तुम्हाला... माहीत आहे?”

“सगळ्यांनाच माहीत आहे. या वाटेवर डोळा लागला की थोरले उठवतात. एकदाही चुकलेले नाहीत.” दादा कसनुसे हसले. “त्यांच्याच जिवावर चालली आहे ही कंपनी. तुला काय वाटलं, आपल्या हुशारीवर?”

“आणि त्यांच्या भरवशावर आपण झोपतो?”

“झोपत नाही रे. लागते.”

“दादा, ज्याला मरूनही झोप नाही, त्याला आपण पहाऱ्यावर बसवलं आहे.”

दादा दुसरीकडे पाहू लागले. “संध्याकाळच्या आत अजून एक फेरी आहे, मास्तर. परीक्षा तोंडावर आहे. तोंड सांभाळ.”

ती फेरी आली. दोघे पुन्हा आपापल्या खुर्च्यांत बसले. मास्तरने रोजच्यासारखे हात जोडले, आणि आज पहिल्यांदा त्याला त्या हातांची लाज वाटली. देवाला नमस्कार करून लगेच खोटे बोलायचे, हा क्रम त्याने किती वर्षे पाळला होता.

“विश्रांती झाली?”

“नाही.”

दादांनी मान वळवली. “पुन्हा विचारतो. नीट ऐकून उत्तर दे.”

“नाही झाली, दादा.”

मास्तरने कचेरीला कळवले. लगेच व्यवस्थापकाचा फोन आला. तो शांतपणे म्हणाला, “ठीक आहे. तुमच्या जागी राखीव माणूस पाठवतो. परीक्षेचं मग बघू.” मग त्याने विचारले, “कॅप्टनसाहेबांचं काय? ते ठीक आहेत ना?”

मास्तरने दादांकडे पाहिले. सुजलेल्या पापण्या. चार पट्ट्या. निवृत्तीला थोडेच दिवस.

“त्यांचं... त्यांनाच विचारा,” तो म्हणाला.

“माझी झाली आहे,” दादा फोनकडे झुकून म्हणाले.

राखीव सहवैमानिक धावत आला. नुकतेच लग्न झाल्यामुळे त्याला सगळे नवरदेव म्हणत. तोही पहाटेपासून जागा होता. “काय मास्तर, दांडी? आमची तर झाली बुवा विश्रांती. लग्नानंतर कधी होते ती तुम्हीच सांगा,” असे म्हणत तो उजव्या खुर्चीत बसला.

मास्तर विश्रांतीगृहात परतला. चौथी पट्टी गेली होती, आणि छाती मात्र हलकी झाली होती. आपण खरे बोललो, असे त्याला वाटले. स्वतःपुरते बोललेले खरे हे अर्धेच असते, हे त्याला तेव्हा सुचले नाही. तो खिडकीकडच्या खाटेवर आडवा झाला. बाहेर विमान धावले, उडाले, ढगात शिरले.

खोलीत फार शांतता होती. कसली तरी उणीव भासत होती. थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आले.

करकर थांबली होती.

तिच्या जागी दुसराच आवाज होता. संथ, खोल, एकसारखा. भिंतीकडच्या खाटेवर कोणीतरी गाढ झोपले होते. उशीत खळगा पडला होता. चादर वर येत होती, खाली जात होती.

मास्तर उठून बसला. त्याने हात पुढे केला. चादर उबदार होती.

थोरले गेल्यापासून इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला पहिल्यांदाच कोणी खरे उत्तर दिले होते, आणि विचारणारा अखेर निजला होता.

ढगांमागून इंजिनांची घरघर येत होती, एका सुरात, डोंगराच्या दिशेला.

“साहेब...” मास्तर कुजबुजला. “साहेब, उठा... ते दोघं वर आहेत.”

चादर वर आली. खाली गेली. श्वासाची लय मोडली नाही.