तिसऱ्या 'ओ'नंतर

ही गोष्ट घडलेली आहे. तुळशीपाशी बसून लिहितेय, इथे खोटं लिहायची माझी टाप नाही.

साल १९८३. मार्गशीर्षातला गुरुवार. आरे-वारेच्या अलीकडची माडांची बाग. आणि रात्र-बित्र काही नव्हती. चांगली तापलेली दुपार होती.

केरू म्हणजे आमच्या शेजारणीचा, सोनूबाईचा, नवरा. माडावर चढून नारळ पाडणारा. हात चांगला होता, ते कबूल करायला हवं. पण तोंड... देवाने तेवढं द्यायला नको होतं.

जो माडावर चढत नाही, तो केरूच्या लेखी माणूसच नव्हता.

आमच्याकडे एकटा माणूस माडावर चढत नाही. बुंध्याशी दुसरा उभा राहतो. त्याला 'खालचा' म्हणतात. खांद्यावर जादा दोरी, नजर वर. मधूनमधून तो 'ओ' देतो, वरच्याने उलट 'ओ' द्यायचा.

तीन 'ओ' फुकट गेले, तर वरच्याला भोवळ आली असं समजायचं. खालच्याने चढायचं, त्याची कंबर आपल्या कमरेला बांधायची आणि दोघांनी उतरायचं.

आणि एकदा चढायला लागलं की वरच्याचं काही ऐकायचं नाही. भोवळलेला माणूस "मी बरा आहे" म्हणतो आणि हात सोडतो.

केरूचा खालचा होता रावजी. वयस्कर, छातीने अधू. प्रत्येक 'ओ'च्या आधी खोकायचा. केरू त्याला बुजगावणं म्हणायचा.

एकदा केरूने मुद्दाम तीन 'ओ' गिळले. रावजी धापा टाकत शेंड्यापर्यंत पोचला, तर हा झावळ्यांत बसून शहाळं पीत होता.

हा किस्सा केरू चहाच्या टपरीवर किती दिवस रंगवून सांगत होता. तिकडे रावजीने धरलेलं अंथरूण सोडलंच नाही. श्रावणात गेला. केरू त्याच्या तेराव्यालाही फिरकला नाही. म्हणे, बुजगावण्याचं कसलं तेरावं?

असला माणूस.

पुढे बागवाल्याने लवू नावाचा खालचा दिला. त्या गुरुवारी केरूने त्यालाही हाकलला.

"जा, घरी जाऊन बायकोची पेज ढवळ."

लवू मानी. दोरी तिथेच टाकून, आलेल्या एसटीत बसून मिरकरवाड्याला मासळी आणायला निघून गेला.

केरू एकटाच चढला. शेंड्यात पोचला. कमरेचा कोयता काढला. दोन-चार नारळ धप्पकन खाली पडले.

मग एक पडला...

त्याचा आवाज आला नाही.

केरूने कान दिला. समुद्राची गाज येत नव्हती. कावळे गप्प. झावळी हलत होती, पण सळसळ नव्हती.

आणि खालून आलं...

"ओ..."

लवू परत आला, केरूला वाटलं. पेज ढवळून झाली वाटतं. तो गालात हसला आणि मुद्दाम गप्प राहिला.

थोड्या वेळाने पुन्हा.

"ओ..."

या खेपेला आधी कोणीतरी खोकलं.

केरूचं हसू तिथेच थिजलं. तरी मानेचा ताठा जाईना. मेलेल्याला कोण 'ओ' देतं? लवू नक्कल करतोय. करू दे. त्याने ओठ मिटून घेतले.

"ओ..."

तिसरा.

मग माड थरथरला.

खाली काथ्याचा फास खोडावर घासला. खर्र... जरा थांबून पुन्हा खर्र... पायात फास अडकवून कोणी चढतं, तेव्हा होतो तसाच आवाज.

केरूने खाली पाहिलं. खोड मोकळं होतं. बुंध्याशी कोणी नव्हतं. लवूची दोरीही तिथे नव्हती.

खर्र... खर्र...

"ओ!" केरू ओरडला. "ओ! रावजी, मी बरा हाय! नको येऊस!"

आवाज थांबला नाही. थांबणार कसा? वरच्याचं ऐकायचं नसतं.

धाप जवळ येत गेली. पायांशी आली. पाठीशी आली. मानेवर गार श्वास लागला. मग कमरेभोवती खरबरीत काहीतरी फिरलं आणि गाठ आवळली गेली.

सोनूबाई भाकरी घेऊन बागेत आली, ती नेमकी तेव्हा.

तिने जे पाहिलं ते तिने मला त्याच दिवशी सांगितलं. तोवर माझी पूजा व्हायची होती, मी सोवळ्यात होते, म्हणून तिला अंगणातच बसवलं होतं.

केरू माडावरून उतरत होता. सावकाश. उभाच्या उभा.

त्याचे दोन्ही हात खाली लोंबत होते. माडाला धरलेलेच नव्हते.

बुंध्याशी टेकल्यावर तो दुमडून पडला. सोनूबाईने पाणी मारलं, हाका मारल्या; शुद्धीवर येताना वर काय घडलं ते सगळं तो तिच्यापाशी बरळला. लवू संध्याकाळी मासळी घेऊन परतला, तेव्हाच त्याला हे कळलं.

पुढे केरू माडावर चढला नाही. पाठ धरली, असं लोकांना सांगतो. ओसरीवर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चढणाऱ्यांना नावं ठेवतो. खोड जात नाही. मला त्याची कीव यायला हवी, रोज देवापुढे बसणाऱ्या बाईला तर यायलाच हवी. येत नाही.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

त्या दिवशी केरूच्या कमरेभोवती दोरीचा वळ उठला होता. सोनूबाईने खोबरेल लावलं, हळद लावली. गेला नाही.

परवा ती आली. आवाज अगदी खाली घेऊन म्हणाली, "वयनी, तो वळ वर सरकतोय."

पहिल्या वर्षी करदोट्यापाशी होता. मग पोटावर आला. मग बरगड्यांवर. यंदा खांद्यांच्याही वर दिसतोय.

मी विचारलं, केरूला सांगितलंस का?

"नाय," ती म्हणाली. "त्यांनी कधी विचारला नाय. पण हल्ली सदऱ्याचा वरचा बटण लावत नायत."