चौथ्या गाडीचा हार

"एवढ्याशा हाराचे दीडशे?"

प्रतिभाने मान वर केली नाही. पहाटेच्या फूलबाजारात असं विचारणारे रोज पन्नास भेटतात, आणि डिसेंबरच्या थंडीत सुई धरलेली बोटं आधीच बधिर झालेली असतात.

"एवढासा नाही, चांगला आठ फुटी आहे. देवाला घालायचाय की नवरदेवाला?"

"गाडीला."

"मग झेंडूचा न्या. साठात होईल."

"नाही, हाच हवा. माझी पहिली गाडी आहे हो…"

आता तिने वर पाहिलं. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, नखांत काळं ऑइल, आणि डोळे असे की रात्रभर झोप नसावी पण तिची तक्रारही नसावी. त्याच्या मागे रस्त्याला लागून एक बाटलीहिरवी फियाट उभी होती. जुनी! प्रतिभाला हसूच फुटलं.

"ही पहिली? हिच्यात तर माझ्या बाबांची वरात निघाली असेल."

"अंग तेच आहे. आत नवं जपानी इंजिन, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक. अशा फक्त सात बनवणार आहे मी. आठवी नाही."

"आणि केवढ्याला म्हणे?"

"साडेपाच लाख."

प्रतिभाच्या सुईतून शेवंती निसटली. २००३ साल होतं ते. "साडेपाच लाखांत कोऱ्या करकरीत दीड गाड्या येतात!"

"येतात ना. पण ती अर्धी गाडी चालवायची कशी, ते कुणी सांगत नाही."

ती हसायची नाही असं ठरवून होती, तरी हसली. आणि साडेपाच लाखांची गाडी बनवणाऱ्याच्या खिशात शंभराचीच नोट आहे हे कळल्यावर तिने हार शंभराला दिला. का दिला, हे घरी आई नवसाबाईला तिला काही केल्या सांगता येईना.

त्याचं नाव जीवन बोरस्ते. निफाडकडचा. सातपूरच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून त्याने पेठ रोडला पत्र्याची शेड टाकली होती, आणि त्याला वेडा म्हणणाऱ्यांची काही कमी नव्हती. प्रतिभा त्यातलीच एक. मखमलाबादला तिच्या घरची शेवंती-गुलाबाची शेती, बी.कॉम. होऊनही बाजारातला ओटा तिने सोडला नव्हता, कारण तिच्याइतका घट्ट हार घरात दुसऱ्या कुणाला जमत नसे. तिला त्याचा गर्व होता, आणि तो गर्व पुढे केवढ्याला पडणार होता हे तिला कुठून कळावं!

आठवड्याने तो परत आला. चेहरा भलता गंभीर.

"तुमचा हार शहराबाहेर पडतापडता, विल्होळीलाच उडाला. गाडी मुंबईला पोचली ती बोडकी."

"दोरा सुती असतो. आमची गिऱ्हाइकं देव. ते बसल्या जागी असतात, शंभरच्या वेगाने पळत नाहीत."

"म्हणजे तुमचा हार माझ्या गाडीचा वेग सोसत नाही."

"म्हणजे तुमच्या गाडीला हार सोसत नाही!"

असं सुरू झालं. दुसऱ्या गाडीच्या वेळी माप घ्यायचं निमित्त करून ती शेडवर गेली. गाठी मारलेला दोरा बॉनेटवर धरून ती माप घेत होती, आणि जीवन दोऱ्याचं दुसरं टोक धरून उभा होता. दोरा ताणलेला, माप कधीच घेऊन झालेलं… गाडीखालून आवाज आला, "माप झालं आसंल तर कुनी पाना देतं का मला?"

ते पुंजा मिस्त्री. साठीचे, जीवनने ज्यांच्या हाताखाली पहिला नट आवळला ते. शेडवरचे सगळे दंडक त्यांचे. गाडी आधी पुजायची, मग मालकाच्या दारात नेऊन द्यायची, आणि हार उतरवायचा तो मालकानेच. तोवर वाटेत त्याला कुणी हात लावायचा नाही. प्रतिभाच्या घरचाही एक दंडक होता. नव्या वस्तूच्या हाराला कात्री लावत नाहीत. बांधून उरलेली दोरी तशीच सोडतात. असे दोन्ही दंडक त्या बॉनेटवर अगदी गुण्यागोविंदाने नांदत होते.

एकदा जीवनने तिला गंगापूर धरणापर्यंत फिरवून आणलं. तिसरी गाडी होती, दुधासारखी पांढरी. बाहेरून जुनी, निवांत. आणि ॲक्सिलरेटर दाबला की बाणासारखी सुटणारी. प्रतिभाने दार घट्ट धरलं होतं, ओढणी तोंडावर उडत होती, आणि ती चक्क किंचाळत होती. आनंदाने, हे तिने नंतरही कबूल केलं नाही.

धरणाच्या भिंतीजवळ त्याने इंजिन बंद केलं. "बोल. आहे की नाही साडेपाच लाखांची?"

"नाही."

"अजून नाही?"

"माणूस गाडीत बसतो तो कुठेतरी पोचायला. ते तर बाबांच्या टेम्पोतही पोचता येतं."

"आणि फुलं? दीडशेचा हार दुसऱ्या दिवशी निर्माल्य. तो कशासाठी विकतेस?"

ती ओढणी सावरू लागली. त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. दोऱ्याने तर्जनीवर कायमची रेघ पडली होती. त्या रेघेवरून त्याने अंगठा फिरवला, अगदी हलका, एखादा पत्रा गुळगुळीत झाला का ते पाहावं तसा.

"सातवी मी विकणार नाही, प्रतिभा. तिला हार तू बांध. आणि… शेजारी तूच बस."

तिचे कान तापले. हो म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इतक्या सहज देईल तर ती प्रतिभा कसली! "चौथ्या गाडीला असा हार बांधते की मालकाच्या दारापर्यंत एक पाकळी हलणार नाही. तो पोचला, की उत्तर देईन."

हट्ट केला तो इथे.

चौथी गाडी सायखेड्याच्या एका कांदा व्यापाऱ्याची होती. २००५ चा जानेवारी. प्रतिभाने सुती दोरा बाजूला ठेवला आणि द्राक्षबागांचं सामान मिळतं त्या दुकानातून हिरवी नायलॉनची दोरी आणली. वेली बांधायची, हाताने तुटत नाही अशी. रात्रभर बसून तिने गुलाब आणि पांढरी शेवंती ओवली. सकाळी बंपरला दोन्ही बाजूंनी घरची दुहेरी गाठ मारली आणि उरलेली हात-हात दोरी, दंडकाप्रमाणे, न कापता खाली सोडली.

"आता तुटला तर हार करणं सोडेन," ती म्हणाली.

"लय गुणाची पोर हाय," पुंजा मिस्त्री स्टिअरिंगवर बसत म्हणाले. "जीवन, हिला काय ते लवकर इचार. मला जेवायचंय तुमच्या लग्नात."

जीवन शेजारी बसला. जाताना त्याने मागे वळून पाहिलं. ती हात हलवत उभी होती.

सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या पुलाआधी जे वळण आहे, तिथे गाडी वळली नाही. चिंचेच्या झाडावर आदळली. जीवनचा खांदा निखळला. पुंजा मिस्त्री दवाखान्यात पोचेपर्यंत गेले होते.

ब्रेकचा रबरी पाइप फाटला होता एवढं सगळ्यांना कळलं. पुढचं जीवनने स्वतः सांगितलं. पोलिसांना, गिऱ्हाइकांना, विचारेल त्याला. पाइप मी बसवला, मी चुकीचा बसवला, नवं इंजिन जुन्या अंगाला पेललं नाही. मग काय! आधीच्या तिन्ही मालकांनी गाड्या आणून शेडसमोर उभ्या केल्या. पाचवी-सहावी सांगितलेल्या दोघांनी नाद सोडला. जे वेडा म्हणत होते ते आता खुनी म्हणू लागले. त्याच्यावर हलगर्जीपणाचा खटला उभा राहिला.

आणि प्रतिभा? तेराव्याला ती त्याला भेटली, ते पुंजा मिस्त्रींच्या दारात. गळ्यात हात बांधलेला, दाढी वाढलेली. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं होतं, हे खरं. पण तिच्या तोंडून निघालं ते निराळंच.

"सांगत होते मी. साडेपाच लाखांची नाही म्हणून. आता बघ, माणूस गेलं तिच्यापायी."

जीवनने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं… पण तो खाली बघून एवढंच म्हणाला, "बरोबर आहे तुझं." त्यानंतर वर्षभर ती पेठ रोडला फिरकली नाही. उत्तर तिच्यापाशीच राहिलं. रात्री ते घशाशी यायचं, आणि ती रागाने गिळून टाकायची.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात पुंजा मिस्त्रींची बायको, चतुराबाई, सकाळीच ओट्यावर आली. प्रतिभा तिच्यासाठी फुलं निवडू लागली.

"फुलं ऱ्हाऊ दे बाई. आज जीवनची कोर्टात तारीख हाय. तो गुन्हा कबूल करनार हाय."

"करू दे की. केलाय त्याने."

चतुराबाईने पदराची गाठ सोडली. आतल्या कागदी पुडीतून हिरव्या दोरीचा एक तुकडा काढून तिने प्रतिभाच्या हातावर ठेवला. वीतभर, ग्रीसने काळा झालेला, एका टोकाला वितळलेला. दुसऱ्या टोकाला गाठ होती. दुहेरी.

प्रतिभाला आपली गाठ ओळखायला काय वेळ लागणार?

"चाकात गुतली व्हती," चतुराबाई हळू बोलत होती. "चाकाला गुंडाळत गेली न् त्यो पाइप वढून फाडला. लोक यायच्या आत त्यानं ती कापून खिशात घातली. दहाव्याला माझ्यापाशी आला. म्हनला, काकू, खरं कळायचा हक तुमचा हाय, पन तिला सांगू नका… माझ्या डोक्यावर हात ठिवून शपथ घ्या."

"मग आत्ता का सांगताय?" प्रतिभाचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"माझा मानूस त्या गाडीत गेला. आता ह्यो बी जाया लागला. शपथ मोडल्याचं पाप लागंल, लागू दे. तुला दोस देत नाय मी, पोरी. ह्यांनीच म्हनलं व्हतं ना, हाराला हात लावायचा नाय. कुना-कुनाला दोस द्यायचा?"

प्रतिभाच्या मांडीवरची फुलं खाली सांडली. तिने ती उचलली नाहीत. पुंजामामांचं ते शेवटचं बोलणं, लग्नात जेवायचंय म्हणालेलं, तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. मग ती उठली आणि ओटा तसाच टाकून कोर्टाकडे धावत सुटली.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्यावर जीवन एकटा बसला होता. वाळलेला, स्वच्छ नखांचा. ती नखं पाहूनच तिला भडभडून आलं. तिने मूठ उघडून दोरी दाखवली.

तो झटकन उभा राहिला. "काकूंनी… मी सांगितलं होतं त्यांना—"

"का केलंस असं?"

"बस खाली. लोक बघताहेत."

"बघू देत! का केलंस?"

"माझं काय, शेड बंद केली की संपलं. पाना पुन्हा हातात धरायचा नाही म्हटलं तर धरायचा नाही. तुझं तसं नाही. तू रोज पहाटे दोरा हातात घेतेस. रोज, जन्मभर. म्हटलं, दर वेळी तुला मिस्त्रीच दिसतील." त्याने तिच्या तर्जनीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आणि तुला चिडवलं कुणी होतं? मीच ना! हार वेग सोसत नाही म्हणून."

"मला न विचारता ठरवलंस."

"हो."

"मी तेराव्याला तसं बोलले, आणि तू ऐकून घेतलंस. वर्षभर मी तुला शिव्या घातल्या, जीवन. रोज."

"ठाऊक आहे. त्या सोसवल्या… ती दोरी तुझ्या हातात बघवली नसती."

ती रडत होती आणि रागावलीही होती, दोन्ही एकदम. तिने ओढणीने तोंड पुसलं. "एक सांग. खरं सांग. ती गाडी चांगली होती का?"

वर्षभरात हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. एवढा उंच माणूस भिंतीला टेकला. "चांगली होती गं," तो म्हणाला. "फार चांगली होती. पाइप मी तीनदा तपासला होता. मिस्त्रींनी एकदा."

"मग तेच सांगायचं. दोरी मी दाखवणार. गाठ माझी आहे, ती मीच सांगणार."

"प्रतिभा, नको. लोक तुझ्या ओट्यावर फिरकणार नाहीत. म्हणतील, हिच्या हाराने—"

"म्हणू देत. खरंच आहे ते. माझ्यासाठी एवढं महागाचं काही अंगावर घेत जाऊ नकोस, मला पेलत नाही."

आतून शिपायाने पुकारा केला, "जीवन सावळीराम बोरस्ते!"

तो निघाला. तिने त्याची बाही धरली.

"थांब. तुझं एक उत्तर माझ्याकडे राहिलंय."

"आत्ता? इथे? अगं, सातवी तर झालीच नाही. चौथी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजतेय."

"इथेच. आत जाऊन मी बोलले, की तुला विचारायचा धीर होणार नाही, आणि मला सांगायचा." तिचा आवाज फुटला, पण शब्द नीट आला. "हो."

त्याने डोळे मिटले. शिपायाने पुन्हा नाव पुकारलं, या खेपेला वैतागून.

"आणि गाडी?" दाराशी पोचता पोचता त्याने विचारलं, जुन्या सवयीने, पण अगदी घाबरत. "होती का गं… साडेपाच लाखांची?"

प्रतिभाने हातातल्या दोरीकडे पाहिलं.

"तेवढ्याची होती," ती म्हणाली. "पुंजामामांएवढी नव्हती. चल."

आणि ती त्याच्या आधी आत शिरली.